रुप्याची नदी

एका राज्यात नीलतोया नावाची नदी होती. तिथल्या दुर्जयसेन राजाने हुकूम काढला, की या नदीतला मासा यापुढे फक्त राजाच्या ताटात पडेल. लोकांची जाळी चव्हाट्यावर जाळली गेली. नदीतली जलयोगिनी कोपली. तिच्या शापाने नदीतला मासा न मासा रुप्याचा झाला आणि तळाशी जाऊन बसला. राजाला वाटलं, घबाडच मिळालं! ते काढायला त्याने मानाजी कोळ्याला पाण्यात उतरवलं. मानाजीने पहिल्याच माशाला हात लावला आणि तोही नखशिखान्त रुप्याचा झाला.

त्याची बहीण केतकावळी हिने काठावर टाहो फोडला, तेव्हा जलयोगिनी वर आली.

"माते, माझा भाऊ परत दे."

"हिमसरोवरातून माशांची अंडी आण. पिल्लं वाढव. या नदीत सोड. ती तगली आणि राजाने नदी सर्वांना मोकळी केली, तर शाप सुटेल."

एव्हाना राजाच्या ताटातला भातही रुप्याचा होऊ लागला होता. त्याने मुकाट्याने ही अट मान्य केली.

हिमसरोवरावर एका मांत्रिकाचा पहारा होता. केतकावळीने त्याच्यापुढे पदर पसरला.

"चोरायला पुष्कळ आले," तो म्हणाला. "मागायला तूच पहिली."

त्याने तिचा पदर केशरी अंड्यांनी भरला. प्रत्येक अंड्यातून दोन काळे डोळे तिच्याकडे बघत होते.

डोंगरातल्या झऱ्याखाली तिने दगडी कुंड बांधलं. अंधार हवा, पाणी गार हवं आणि अखंड वाहतं हवं. पांढरं पडलेलं अंडं ती पिसाने अलगद उचलून टाकी, नाहीतर शेजारची नासत. एके सकाळी अंडी फुटली. प्रत्येक पिल्लू पोटाशी शिदोरीची पिशवी घेऊनच बाहेर आलं! केतकावळीने हात जोडले. एवढ्याशा जिवाला शिदोरी कोणी बांधून दिली असेल?

शिदोरी सरली, तशी ती त्यांना हाताने भरवू लागली. पिल्लं बोटाएवढी झाली, अंगावर लाल ठिपके उमटले. तिची सावली पडली की सगळी वर झेपावत आणि तिला भरून येई.

निम्मी पिल्लं तिने नदीत सोडली. वर फांदीवर खंड्या बसला होता. त्याची सावली पाण्यावर पडताच पिल्लं तोंड उघडून वर धावली. खंड्याने खाल्ली, मग बगळ्यांनी खाल्ली. एकही उरलं नाही.

"मेल्या, माझी लेकरं खाल्लीस!"

"मी पक्षी आहे, बाई. समोर आलं ते खाल्लं. सावली म्हणजे घास, हे त्यांना कोणी शिकवलं?"

केतकावळी डोळे पुसून म्हणाली, "माझ्या कुंडावर ये. रोज झडप घाल."

"किती खाऊ?"

"जी पळणार नाहीत, तेवढी."

ती आता बांबूच्या तट्ट्याआडून चारा टाकी, पिल्लांना तोंडही दाखवीत नसे. खंड्याने सूर मारला की पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी राही. शेवटी एके दिवशी खंड्या रिकाम्या चोचीने वर आला.

"आता ने," तो म्हणाला.

तिने उरलेली पिल्लं नीलतोयेत सोडली. बगळे तासन् तास ताटकळले आणि उपाशी उडून गेले. राजाने काठावर उभं राहून स्वतः दवंडी दिली, "नदी सर्वांची! ज्याचा गळ, त्याचा मासा!" तशी तळाची रुपेरी रास थरथरली, हजारो शेपट्या एकदम हलल्या आणि नदी जिवंत झाली. पाण्यात उभ्या मानाजीने श्वास घेतला.

"केतके, फार भूक लागलीय गं," तो म्हणाला.

तिने त्याला कवटाळलं. मग आपल्या लेकरांना एकदा डोळे भरून पाहावं म्हणून ती पाण्यावर वाकली. तिला पाहताच ती सगळी दगडांआड पळाली. केतकावळी हुंदके देत रडली, आणि तिला फार फार बरं वाटलं.