ओवनार नदीचा ओला डगला

समोर नदीत तो आडवा खडक दिसतोय ना, त्यावरचे कोट बघून पाहुणे मला विचारतात, "आजी, इथे धोबीघाट आहे का?" विचारा, मला सवय झाली आहे. आयर्लंडातल्या या आमच्या ड्रमकेल परगण्यातून कुणी सभेवर निवडून आला, की तो आधी या ओवनार नदीत उतरतो आणि भिजलेल्या डगल्यानेच शपथेला जातो. परत आला की तो डगला त्या खडकावर ठेवतो. मागे एकदा एकाने घरच्या नळाखाली भिजवला. पुढच्या निवडणुकीत त्याला घरीच बसवलं आम्ही.

याला कारण सातशे वर्षांपूर्वी घडलं, असं सांगतात. तेव्हा इथे इंग्लंडच्या राजाचा अंमल होता. राजाच्या कारभाऱ्याने राजधानीत सभा बोलावली आणि हुकूम काढला, की प्रत्येक परगण्याने दोन सरदार निवडून पाठवावेत. त्यांनी दिलेला शब्द सगळ्या परगण्यावर बंधनकारक. सभेपुढे काम एकच होतं, राजाच्या लढाईसाठी घरोघरचं धान्य उचलायचं. ज्या परगण्याचे सरदार कबूल होतील, तिथल्या कणग्या रिकाम्या होणार. त्या वर्षी जवाचं पीक बुडालेलं. घरात उरलं होतं ते नुसतं बियाणं. तेही गेलं तर पेरायचं काय आणि खायचं काय?

आमच्या पूर्वजांनी इथे नको तेवढी हुशारी केली. परगण्यात निम्मे लोक कारभाऱ्याला भ्यायचे, निम्मे भुकेला. कुणाचंच मन मोडायला नको म्हणून त्यांनी दोन्हींकडचा एकेक निवडला. ऑडो टायरल 'हो' म्हणणार होता, कारण त्याची जमीन कारभाऱ्याच्या मर्जीवर होती. माइलर कॉडल 'नाही' म्हणणार होता. दोघांचं एकमत झालं नाही की कबुलीही नाही आणि उघड नकारही नाही, असा त्यांचा बेत. वाटेत नदी आहे, हे कुणी ध्यानातच घेतलं नाही.

दोघे निघाले तेव्हा नदीला पूर होता. एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हते म्हणे. मधोमध ऑडोचा घोडा घसरला आणि ऑडो वाहून चालला. माइलर तोवर त्या खडकापाशी पोचला होता. त्याने अंगातला लोकरी डगला काढून एक टोक फेकलं.

"धर, ऑडो! सोडू नकोस!"

ऑडोला त्याने खडकावर ओढून घेतलं, पण तेवढ्यात स्वतःचा पाय निसटला. ऑडोच्या हातात नुसता डगला राहिला.

निरोप द्यायला आलेली माणसं या काठावर उभी होती. 'नाही' म्हणणारा बुडाला आणि आता आपल्याकडे फक्त 'हो' उरला, हे सगळ्यांना कळलं. दुसरा निवडायला वेळ नव्हता. ऑडो कसाबसा पलीकडच्या काठाला लागला, तेव्हा माइलरची बायको एथ्ना इथून ओरडली, "त्यांना सभेत घेऊन जा, सरदार! त्यांचा डगला वाळू देऊ नका!"

ऑडोने वळून पाहिलं, पण उत्तर दिलं नाही. तो दिसेनासा झाला आणि परगण्याचा जीव टांगणीला लागला.

सभेत ड्रमकेलचं नाव पुकारलं गेलं. ऑडोच्या शेजारच्या जागेवर तो डगला होता आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. वाटेतल्या प्रत्येक ओढ्यात त्याने तो पुन्हा भिजवला होता, असं म्हणतात.

"दुसरा सरदार कुठे आहे?" कारभाऱ्याने विचारलं.

"हा इथे बसलाय. तो नाही म्हणतो."

"डगल्याचं मत आम्ही धरत नाही. तुमचं सांगा. आणि जमीन कुणाची कसता, ते आठवून सांगा."

ऑडोने डगल्याची ओली बाही घट्ट धरली म्हणे. भीती कुणाला नसते हो! "घरून 'हो' म्हणायला निघालो होतो," तो म्हणाला. "माझा 'हो' नदीत बुडाला, सरकार. याचा 'नाही' तेवढा वर आला."

ड्रमकेलचं धान्य वाचलं. ऑडोची जमीन मात्र त्याच हिवाळ्यात गेली. तो उरलेलं आयुष्य या उतारावर झोपडी बांधून राहिला आणि पुराच्या दिवसांत लोकांना हात धरून नदीपार करत राहिला. वसंतात परगण्यात पेरणी झाली, तेव्हा पहिली मूठ एथ्नाने त्याच्या दारात टाकली.

आजही निवडून आलेला माणूस पाण्यात उतरतो, तेव्हा आम्ही सगळ्या बायका या काठावर जमतो आणि ओरडतो, "वाळू देऊ नका!" त्याने वळून पाहायचं, पण बोलायचं नाही. उत्तर तिथे सभेत जाऊन द्यायचं असतं.