तुपाचा गडू आणि त्यागाचे धडे

“तूप येत राहिलंच पाहिजे,” वैकुंठशास्त्री दरबारात ठासून म्हणाले. “दर शनिवारी गडूभर तूप, असं या हौसा गवळणीनं कबूल केलंय. ती धडे सोडेल तर तूपही थांबेल, असं कुठं ठरलं होतं?”

शास्त्रीबुवा त्याग शिकवीत. तूप तेवढं त्यांना स्वतःला अजून सोडवत नव्हतं. हौसा सगळा चातुर्मास त्यांच्या ओसरीवर येऊन बसली. पण आता तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. डिंकाच्या लाडवांना तूप हवं आणि गोठ्यात गाय एकच. म्हणून तिनं धडे सोडले आणि तूपही थांबवलं.

रुद्राजीराजे एकदा बोलले की बोलले. “शब्द म्हणजे शब्द. शास्त्रीबुवा स्वतःच्या तोंडानं ‘हिचं शिक्षण पुरं झालं’ म्हणतील, तेव्हाच तूप थांबेल.”

शास्त्रीबुवा गालात हसले. ते कशाला तसं म्हणतात!

हौसानं पदर सावरला. “बुवा, शिक्षान पुरं कवा हुतं?”

“मनापासून आवडणारी वस्तू सोडशील तेव्हा. पहिल्या दिवशी तू कारलं सोडलंस. नावडतं सोडणं हा काही त्याग नव्हे.”

“खरं हाय. म्हून या खेपंला आवडीचं सोडलं. आठवडाभर शेण, धारा, चूल. शनवारी तुमच्या वसरीवर घटकाभर टेकायची, तेवढाच इसावा. तुमच्या धड्यांपरीस गोड मला काईच नव्हतं, बुवा. त्येच सोडलं.”

“हे कसलं... तुला धडे आवडत होते कशावरून?”

“का वो? आवडण्याजोगं न्हाईत व्हय?”

सगळा दरबार शास्त्रीबुवांकडे पाहू लागला. नाहीत म्हणावं, तर उद्या ओसरीवर कोण फिरकणार? आहेत म्हणावं, तर तूप गेलं. बुवांनी उपरण्यानं घाम पुसला.

“आवडण्याजोगेच आहेत,” ते पुटपुटले. “हिचं शिक्षण पुरं झालं.”

राजे खदखदून हसले. लेकीच्या लाडवांसाठी त्यांनी हौसाला आपल्या गोठ्यातली दुभती म्हैस देऊन टाकली. मग ते वळले. “शास्त्रीबुवा, आता तुमची पाळी. सोडा पाहू तूप.”

शास्त्रीबुवांचा चेहरा असा उतरला, की हौसालाच त्यांची दया आली.

“येकदम तूप नगा सोडाया लावू, म्हाराज,” ती म्हणाली. “आदी कारल्यापासनं सुरू करू द्या त्येंस्नी.”

यावर राजे इतके हसले, की म्हशीमागोमाग तिचं रेडकूही हौसाच्या दावणीला गेलं.