मार्तंडाचा फेर

डोंगराच्या पायथ्याशी तो पांढरट पट्टा दिसतो ना, त्याला आमच्या निरगुडवाडीत मार्तंडाचा फेर म्हणतात. डोंगराच्या कमरेला करगोटा बांधावा तसा तो सगळीकडून फिरून पुन्हा इथे खंडोबाच्या देवळाच्या पायरीपाशी येतो. त्यावर गवत उगवत नाही, असे सांगतात. मला विचाराल तर गुरांची वर्दळ असते म्हणून उगवत नाही. पण ती वाट गुरांनी पाडलेली नाही, एवढे मात्र खरे. मी इथला गुरव. पुण्याकडची मंडळी येतात आणि हमखास विचारतात, पहाटे टापा ऐकू येतात का हो? नाही येत. तो मार्तंड घोडा मेला, त्याला आता फार काळ लोटला. कसा मेला ते ऐकायचे असेल तर बसा सावलीत.

संस्थाने होती तेव्हाची गोष्ट. ओढ्यापलीकडे आता ज्वारी दिसते तिथे सरदार आनंदराव दरेकरांची पागा होती. गाव त्यांना सरकार म्हणायचे. शर्यतीचे घोडे त्या पागेत जन्मायचे, वाढायचे आणि पुण्या-मुंबईला पळायला जायचे. आमची माणसे स्वतःच्या पणजोबाचे नाव सांगताना अडखळत, पण मार्तंडाची वंशावळ विचारली की शेंबडे पोरसुद्धा घडाघडा म्हणायचे. बाप ब्लॅक अ‍ॅबट, विलायतेचा, काळाकुळकुळीत; बोटीतून उतरला तोच म्हणे एका साहेबाच्या खांद्याला चावला. आजी लेडी कॉन्स्टन्स, तीही विलायतेची. गावाने तिचे कोन्सी करून टाकले. कोन्सीला दोनच पोरे झाली, थोरला वज्र आणि धाकटी शुक्रतारा. अ‍ॅबट आणि शुक्रतारा यांचा हा मार्तंड. त्याच्यामागे त्या रक्तातले कोणी नाही.

वज्राचा पाय पुण्याच्या शर्यतीत वळणावर मोडला. शर्यतीच्या घोड्याचा मोडलेला पाय जुळत नाही, म्हणून त्याला तिथल्या तिथे गोळी घालतात. त्या वेळी त्याचा लगाम धरून उभा होता सरकारांचा सईस, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा, हैबती खोमणे. तेव्हापासून हैबती शर्यत बघेनासा झाला. घोडे सुटले की तो पाठ फिरवून उभा राहायचा आणि गर्दीच्या आवाजावरून काय झाले ते ओळखायचा.

शुक्रतारा बाळंतपणात गेली. मागे राहिलेल्या शिंगराला हैबतीने आणि त्याच्या बायकोने, कोंडाबाईने, शेळीच्या दुधावर जगवले. त्यांना मूलबाळ नव्हते. मार्तंड हे शर्यतीचे नाव, सरकारांनी खंडोबाच्या नावावरून ठेवलेले. घरात तो बाळ्या. तांबूस, लांब पायांचा, आणि हैबती दिसेनासा झाला की पागा डोक्यावर घेणारा.

आता या धंद्यातली एक भीती सांगतो. घोडा जिंकणार असा बोभाटा झाला की कोणीतरी गुपचूप येऊन त्याच्या चंदीत, म्हणजे खायच्या दाण्यात, काहीबाही मिसळते आणि दुसऱ्या दिवशी घोडा पळायचे विसरतो. म्हणून हैबतीने बाळ्याला लहानपणीच धडा दिला. परक्या माणसाकडून चंदी द्यायला लावायची, तिच्यात मिरची. जमिनीवर दाणे टाकायचे, त्यांत मिरची. दुसऱ्याने गव्हाण भरायची, तिच्यातही मिरची. तोंड पोळून शिंगरू कळवळले की हैबतीने त्याला जवळ घ्यायचे आणि आपल्या ओंजळीतून भिजवलेले हरभरे चारायचे. असे होता होता घोडा हैबतीच्या ओंजळीशिवाय कशालाच तोंड लावेना. सरकार हा प्रकार पाहुण्यांना मोठ्या कौतुकाने दाखवत.

मार्तंड पळायला लागला आणि हरायचे काय असते ते त्याला कळलेच नाही. पुण्यात पहिला, बंगळूरला पहिला, पुन्हा पुण्यात पहिला. सुरुवातीला तो सगळ्यांच्या मागे रेंगाळायचा. लोक शिव्या द्यायला लागायचे. मग शेवटच्या वळणावर बाहेरच्या अंगाने असा निघायचा की पाठीवरच्या जॉकीला नुसते बसून राहण्याचे काम. निकालाची तार आली की सरकार गावात पेढे वाटत.

मग मुंबईची मोठी शर्यत आली आणि नेमकी त्याच्या पुढच्या पायाच्या शिरेला सूज आली. डॉक्टर म्हणाला, पळवू नका. सरकार म्हणाले, पळणार. हैबतीने रात्रंदिवस पाय शेकला, लेप लावले. सूज थोडी उतरली, पण त्याच्या डोळ्यांपुढून वज्र हलेना. मुंबईला निघण्याआधी तो या देवळात आला. भंडारा उचलला आणि म्हणाला, "देवा मल्हारी, ह्येचा पाय शाबूत ऱ्हाऊ दे. येवढी शर्यत निभावून ने. मंग ह्यो तुजा. तुज्या डोंगरावं मोकळा सोडतो, परत माजा हात लावत न्हाई. लावला, तर त्येचा पाय तुजा."

घोडा सरकारांचा आणि नवस हैबतीचा. पण प्रेमात माणसाला कोणाचे काय आहे, याचे भान राहत नाही.

मार्तंड जिंकला. पाय शाबूत राहिला. हैबती पाठ फिरवून उभा होता. हलकल्लोळ ऐकून तो आधी घोड्याचा पाय चाचपायला धावला, असे सांगतात.

चंपाषष्ठीला सरकार लवाजम्यासह देवाला आले. मार्तंडाला हळदीने माखून पुढे आणला होता. आता याला पळवायचे नाही, पागेत ठेवून याची पैदास वाढवायची, असे सरकारांनी ठरवले होते. तेवढ्यात भरल्या गर्दीत हैबती पुढे झाला आणि त्याने आपला नवस सांगून टाकला. भोळेपणाने सांगितला, काही डाव नव्हता. गर्दीने येळकोट येळकोट केला. सरकारांचा चेहरा उतरला, पण इतक्या लोकांत देवाला नाही म्हणायची त्यांची छाती झाली नाही. ते म्हणाले, "बोललास ना हैबती? मग सोड."

त्याने दोर सोडला. त्या दिवशी तो फार आनंदात होता. धनगरांची तट्टे माळावर कशी सुखाने चरतात, तसा बाळ्या चरेल, पळेल तर मनाने पळेल, त्याच्यावर कोणी बंदूक धरणार नाही, असे त्याला वाटत होते. ज्याने घोडा हाताने घडवला, त्यालाच आपण काय घडवले ते समजले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे, रोजच्या सरावाच्या वेळेला, मार्तंड एकटाच धावायला लागला. डोंगराला पूर्ण वळसा घालून तो या पायरीपाशी आला आणि थांबला. धावून झाले की हैबतीने पाठ पुसायची आणि ओंजळ पुढे करायची, हा त्याचा जन्माचा शिरस्ता. कोणी आले नाही. म्हणून तो आणखी एक फेर धावला.

वाळलेल्या कुसळी गवतात त्याने थोडेफार तोंड घातले, पण त्यावर त्याचा देह कसला तगतो. गाव हरभरे घेऊन आले, गूळ आणला, गाजरे आणली. सगळ्यांच्या हातांचा वास घेऊन तो मान वळवायचा. दाणे जमिनीवर ठेवून बघितले. पागेतली त्याची गव्हाण उचलून आणली. तो गव्हाणीपाशी आला, इकडेतिकडे बघितले आणि तसाच माघारी गेला. उन्हाळा लागेपर्यंत त्याच्या बरगड्या लांबून दिसू लागल्या. तरीही पहाटे धावणे चुकले नाही. हा जो पट्टा पडलाय, तो असा पडलाय.

हैबती घोड्याच्या नजरेला पडू नये म्हणून मागच्या गल्लीने ये-जा करायचा. खिंकाळणे ऐकू आले की कानांवर हात ठेवायचा. तो सरकारांकडे गेला. सरकार म्हणाले, दिलेले परत घेतले तर लोक तोंडात शेण घालतील. मग तो देवळात आला. तेव्हाचा गुरव माझ्या आज्याचा बाप. नवसातून सुटका होईल का, असे हैबतीने पाय धरून विचारले. आमचे पूर्वज म्हणाले, "तू तुजा पाय गहाण ठिवला असतास तर सोडवला असता. तू त्येचा ठिवलास." बोलणे बिनतोड होते, पण काय उपयोग? जा, चार त्याला, पुढचे मी बघतो, एवढे म्हणायला काय झाले होते? माझा त्या म्हाताऱ्यावर अजून राग आहे.

शेवटी कोंडाबाई उठली. नवऱ्याचा पटका बांधला, त्याची घोंगडी पांघरली आणि हरभरे घेऊन डोंगराखाली गेली. मार्तंड लगबगीने आला, अगदी जवळ आला. घोंगडीला नाक लावून बराच वेळ उभा राहिला. मग त्याने तिच्या तोंडाकडे बघितले आणि निघून गेला. ती घरी आली, पटका सोडून नवऱ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "आवं, त्यो तुमची वाट बगतुया. देवाची न्हाई."

हैबतीने हरभरे घेतले आणि निघाला. हात लावला तर घोड्याचा पाय जाईल हे त्याला ठाऊक होते. नाही चारले तर जीव जाणार, हेही दिसत होते.

घोडा तेव्हा वर चढणीवर उभा होता. त्याला हैबती दिसला. मग तो निघाला, मुंबईला शेवटच्या वळणावर निघाला होता तसा, सरळ उतारावरून, सुट्या दगडांतून. हैबती ओरडत राहिला, "थांब रं बाळ्या, थांब!" पण थांबायचे त्याला कोणी शिकवलेच नव्हते. खाली येता येता पुढचा पाय दगडांत अडकला आणि काडकन वाजले. हैबतीचा हात त्याला अजून लागलासुद्धा नव्हता.

देवाने नवस वसूल केला, असे गाव म्हणते. देव इतका कोता असेल असे मला वाटत नाही, आणि मी त्याची रोज पूजा करतो. उपाशी घोडा आणि खडकाळ उतार, एवढेच कारण पुरेसे आहे.

सरकारांना निरोप गेला. ते बंदूक घेऊन आले, तेव्हा हैबती मार्तंडाचे डोके मांडीवर घेऊन बसला होता आणि मार्तंड त्याच्या ओंजळीतून हरभरे खात होता. सरकारांनी हरभरे संपेपर्यंत वाट बघितली. इतके मात्र त्यांनी केले. त्यानंतर हैबतीने आपल्या हाताने अन्न तोंडात घातले नाही. जगला तोवर कोंडाबाईने भरवले. पागेतले घोडे पुढे विकले गेले आणि कोन्सीचे रक्त तिथेच संपले.

आजही निरगुडवाडीत वासरू, करडू, शिंगरू, काहीही खायला लागले की आधी त्याला घरोघर फिरवतात. दारातल्या प्रत्येकाने ओंजळीतून घास द्यायचा. जनावर एका हाताचे होऊ द्यायचे नाही, अशी रीत आहे. खोमण्यांच्या, म्हणजे हैबतीच्या भावकीच्या दारातही नेतात, पण ती माणसे हात पाठीमागे धरून उभी राहतात. त्यांना कोणी तसे सांगितलेले नाही. मागच्या वर्षी एक कालवड त्यांच्या दारातून हलेना. म्हाताऱ्या रामजी खोमण्याच्या सदऱ्याला चाटत राहिली, मागे जाऊन त्याच्या मुठी हुंगायला लागली. त्याने मुठी उघडल्या नाहीत. "न्या रं तिला हितनं," एवढेच तो म्हणत राहिला, आणि तिला ओढून न्यावे लागले.