गोगलगायीचा लेप

खेडं म्हणावं तर मोठं आणि शहर म्हणावं तर लहान, अशा एका गावात एक पार्लरवाली राहत होती. तिचं नाव अरुणा. वय सत्तेचाळीस, पण दिसायची पस्तिशीची. अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्याही तिचं पार्लर न चुकता गाठायच्या, कारण दारात ती स्वतः उभी असायची. आपला चेहरा हीच आपल्या धंद्याची जाहिरात आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

खरं सांगायचं तर त्या चेहऱ्याचं श्रेय कुठल्याच डबीला नव्हतं. अरुणा नऊ वाजता झोपायची, पहाटे उठून मळ्यापर्यंत चालून यायची, उन्हात छत्रीशिवाय पाऊल टाकायची नाही. शिवाय तिची आईही साठीपर्यंत तशीच तुकतुकीत होती. पण असं सांगून पार्लर चालत नाही. कुणी विचारलं, "काय लावता हो तुम्ही?" की ती कपाटातल्या सगळ्यात महागड्या डबीकडे बोट दाखवायची. धंद्यात एवढं चालतंच, असं ती मनाला सांगायची. आपणही तेवढ्यासाठी तिला फासावर चढवायला नको.

पुढे गावातल्या मुलींना मोबाइलवर कोरियन मालिका बघायचा नाद लागला. त्यातल्या नट्यांचे चेहरे काचेसारखे नितळ. पन्नाशीची बाई पोरीची थोरली बहीण वाटावी. त्याच सुमारास तालुक्याला एक नवीन क्लिनिक निघालं. तिथं यंत्रानं चेहरा उजळून देत, सुया टोचून सुरकुत्या घालवत, आणि या सगळ्याला कोरियन ट्रीटमेंट म्हणत. मुली एसटीनं तिकडे जायला लागल्या. अरुणाच्या खुर्च्या दुपार दुपार रिकाम्या राहिल्या.

दुसरी एखादी हातपाय गाळून बसली असती. अरुणा त्यातली नव्हती. तिनं एकदा मनात घेतलं की ती गोष्ट तडीला गेल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे. "कोरिया तालुक्यापर्यंत आलाय ना? मग गावात मी आणते," असं तिनं नवऱ्याला, सोपानला, सांगून टाकलं. सोपानची पिठाची गिरणी होती. गिरणीच्या आवाजात वीस वर्षं काढल्यामुळे बायकोचं अर्धंच ऐकून पूर्ण मान हलवायची त्याला सवय होती. तशी त्यानं हलवली.

महिनाभर अरुणानं मोबाइलसमोर बसून अभ्यास केला. तोंड दोनदा धुवायचं, तांदळाचं पाणी लावायचं, भिजलेला कागदी मास्क वीस मिनिटं ठेवायचा, क्रीम चोळायचं नाही तर थोपटायचं. भरपूर पाणी प्यायचं, उन्हापासून जपायचं, वेळेवर झोपायचं. यातलं निम्मं तर आपण जन्मभर करतोय, हे तिच्या ध्यानात आलं नाही, कारण तिची नजर भलतीकडेच खिळली होती. कोरियात म्हणे गोगलगायीच्या चिकट स्रावाचं क्रीम करतात, आणि त्यानं चेहरा तरुण होतो. तिनं एक डबी मागवली. डबी अंगठ्याएवढी. चार बायकांच्या तोंडाला लावली आणि तळ दिसला.

आणि नेमकं त्याच पावसाळ्यात गावाच्या शिवारात गोगलगायी उतरल्या. एक नाही, दोन नाही, लाखांनी. सोयाबीनची कोवळी पानं रातोरात फस्त व्हायची. बाया सकाळी बादल्या घेऊन गोगलगायी वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. मळ्याच्या वाटेवर हे दृश्य बघून अरुणा जागीच थबकली. लोक ज्याच्यासाठी कोरियाहून डब्या मागवतात, ते इथं बादलीनं मरतंय!

तिनं दोन बादल्या मागून घेतल्या. बायांना वाटलं, हिला वेड लागलं. अरुणानं गोगलगायी धुतल्या, जाळीच्या टोपलीत ठेवल्या, वर पाणी शिंपडलं आणि खाली ताटात जे निथळलं त्यात कोरफडीचा गर आणि गुलाबपाणी घोटलं. लेप असा मऊ झाला की तिचं तिलाच कौतुक वाटलं. छोट्या बाटल्या आणल्या, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि चिठ्ठ्यांवर ठसठशीत अक्षरात 'कोरियन' असं लिहिलं.

लातूरच्या ज्या बाईंकडे ती हा धंदा शिकली, त्यांचा एक दंडक होता. नवीन वस्तू आधी आपल्या अंगाला लावायची, मग आठ दिवस थांबायचं, मगच गिऱ्हाइकाला. अरुणानं वीस वर्षं तो पाळला होता. यावेळी तिनं लेप थेट स्वतःच्या चेहऱ्याला लावला आणि तीन दिवस थांबली. तीन दिवसांत चेहरा असा चकाकला की समोरचा दुकानदार उठून बघून गेला. मग आठ दिवस कोण थांबतंय? गुरुवारी संध्याकाळपर्यंत अकरा जणींनी अकरा बाटल्या नेल्या. उद्याचा श्रावणी शुक्रवार चांगला आहे, दिवेलागणीनंतर लावायला सुरुवात करा, असं तिनं प्रत्येकीला बजावलं.

त्या अकरांत कुसुम होती. दुधाचा रतीब घालणारी, तोंडानं फटकळ, अरुणाची जुनी ओळखीची. तिच्या मुलीचा, दीपालीचा, साखरपुडा रविवारी होता आणि आदल्या दिवशीचं फेशियल अरुणाकडेच ठरलं होतं. पाहुणे पुण्याचे. "पोरगी उजळून निघाली पाहिजे," असं कुसुमनं निक्षून सांगितलं होतं, आणि अरुणानं छातीवर हात ठेवून शब्द दिला होता.

शुक्रवारी सकाळी अरुणा उठली तर डावा डोळा उघडेना. ती चाचपडत आरशापुढं गेली. गाल सुजलेले, हनुवटीपर्यंत लाल फोड, त्यांतून पाणी झिरपतंय. आग आग होत होती. तशीच ती ग्रामीण रुग्णालयात गेली. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, काय लावलं होतं? अरुणानं खरं ते सांगितलं. बाई हसल्या नाहीत. क्रीमसाठीच्या गोगलगायी स्वच्छ जागी पाळलेल्या असतात आणि त्यांचा स्राव गाळून शुद्ध केलेला असतो, असं त्या म्हणाल्या. या शेतातल्या. यांना मारायला शेतकऱ्यांनी बांधाबांधावर विषारी गोळ्या टाकल्यात, त्यावरून त्या सरपटतात. शिवाय त्यांच्या अंगात रोगाचे किडे असतात, ते वेगळेच. "तुमचा डोळा थोडक्यात वाचलाय. आणखी कुणाला दिलाय का हा लेप?" बाईंनी विचारलं.

दिवेलागणीला अकरा घरांत त्या बाटल्या उघडणार होत्या.

घरी येऊन तिनं पहिला फोन कुसुमला लावला. लेप लावू नका, खराब निघालाय, परत द्या, म्हणाली. पलीकडून कुसुम फिसकन हसली. "मला बी कळतंय की. तालुक्याच्या क्लिनिकवाल्यांनी मागितला असंल तुला. एकदा दिलेलं परत मागायलीस, अरुणे?" आणि फोन ठेवून दिला. दुसरीनं विचारलं, सरपंचीणबाईंना कमी पडला का? तिसरीनं तर बाटली कुलपात ठेवल्याचं सांगितलं. वस्तू विकताना जी बाई इतकी गोड बोलली, ती परत मागताना खरं बोलत असेल, यावर कुणाचा विश्वास बसेना. वर्षानुवर्षं त्या महागड्या डबीकडे दाखवलेलं बोट आता तिला नडत होतं.

सोपान गिरणी बंद करून आला. बायकोचा चेहरा बघून आधी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग त्याचं डोकं चालायला लागलं. पार्लरला कुलूप लावू, तू माहेरी गेलीस असं सांगू. फोन तू केलेसच, आता पुढं त्यांचं नशीब. कुणाला पुरळ आलंच तर ते लेपानंच आलं हे कोण सिद्ध करणार?

खोटं कशाला बोला, अरुणालाही क्षणभर तसंच वाटलं. दार लावून अंधारात पडून राहावं, कुणाच्या नजरेला पडू नये. तिच्या जन्माची कमाई म्हणजे हा चेहरा, आणि आज आठवडी बाजार. अर्धं गाव रस्त्यावर. पण दीपालीचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. ती उठली आणि तिनं चपला पायात घातल्या.

"निदान स्कार्फ तरी बांध," सोपान कळवळून म्हणाला.

"स्कार्फ बांधला तर दाखवू काय?" अरुणा म्हणाली आणि बाहेर पडली.

बाजारातून ती उघड्या तोंडानं गेली. भाजीवाल्या बोलता बोलता थांबल्या. एका पोरानं आईच्या पदराआड तोंड घातलं. कुणी चुकचुकलं, कुणी मागं वळून हसलं. तिला ते सगळं दिसत होतं आणि लागतही होतं. तरी तिनं मान खाली घातली नाही आणि पावलंही भरभर टाकली नाहीत. ज्यांनी विचारलं त्यांना तिनं चालता चालता सांगितलं, मी शेतातल्या गोगलगायींचा लेप केला, त्यानं हे झालं, कुणाकडे असेल तर लावू नका.

पहिल्या घरी बाटली मुकाट्यानं परत मिळाली. दुसऱ्या घरच्या बाईनं तिला पाणी दिलं, तिसरीनं शिव्या दिल्या. चौथ्या घरच्या राधाक्का त्र्याहत्तर वर्षांच्या. आपल्याला मुहूर्ताला थांबण्याइतका वेळ नाही म्हणून त्यांनी गुरुवारीच हनुवटीला लेप फासला होता. हनुवटी लालभडक झाली होती. अरुणानं त्यांना तिथूनच रिक्षात घालून रुग्णालयात पाठवलं. म्हातारी रिक्षातूनही बोल लावत होती, आणि तिचं काही चुकत नव्हतं.

कुसुमचं घर ओढ्यापलीकडच्या वस्तीत. तिच्या दारात अरुणा पोचली तेव्हा दिवे लागत होते. दीपाली केस मागे बांधून आरशापुढं बसली होती. बाटली उघडी आणि दोन बोटांवर लेप. अरुणानं धावत जाऊन तिचं मनगट धरलं.

"माझ्याकडे बघ," ती म्हणाली. "हाच लेप मी लावला. आणि हा कोरियाचा नाही. आपल्या सोयाबीनमधल्या गोगलगायींचा आहे. ती चिठ्ठी मी माझ्या हातानं लिहिली. मी तुम्हाला फसवलं."

कुसुमनं बाटली उचलली, मोरीत रिकामी केली आणि पोरीचा हात राखेनं तीनदा धुतला. अरुणा उंबऱ्याबाहेर गेल्यावर तिनं एवढंच म्हटलं, "उद्या फेशियलला आमची पोरगी येणार न्हाई." अरुणानं मान हलवली. त्याच वस्तीतली अजून चार घरं राहिली होती. बाटल्या उघडायच्या आत तीही तिनं गाठली, आणि मगच ती घरी जाऊन आडवी झाली.

शनिवारी सकाळी तिनं पार्लर उघडलं. कुणी येणार नव्हतं, पण दार बंद दिसलं तर माणसं म्हणतील की पळाली, म्हणून उघडलं. शिकवलेला दंडक मोडला होता तो पुन्हा मोडायचा नाही, एवढं मनाशी धरून ती फरशी पुसत बसली. दहाच्या सुमारास दारात दीपाली उभी राहिली. मागं कुसुम, तोंड फुगवलेली.

"आई तालुक्याला चल म्हणत होती," दीपाली म्हणाली. "मी म्हटलं, तिथं काही बिघडलं तर आपल्या दारात सांगायला कोण येणार? काकू, तुम्हीच करा. फक्त काय लावताय ते आधी सांगा."

अरुणानं फडकं बाजूला ठेवलं, हात धुतले आणि ती कामाला लागली. दूध, चण्याचं पीठ, थंड पाणी. प्रत्येक वस्तू ती आधी नावानं सांगायची, मग वाटी कुसुमच्या नाकाखाली धरायची, आणि कुसुम वास घेऊन मान डोलावली की मगच दीपालीच्या गालाला हात लावायची. आज नऊला झोप आणि उद्या उन्हात फिरू नकोस, एवढं तिनं जाताना सांगितलं. आपण तरुण कशामुळे दिसतो, हे वीस वर्षांत पहिल्यांदा तिनं गिऱ्हाइकाला खरं सांगितलं.

रविवारी साखरपुडा झाला. दीपाली देखणी दिसत होती. पुण्याच्या पाहुण्यांतली एक नटलेली आत्याबाई कुसुमजवळ आली आणि तिनं हळूच विचारलं, मुलीला तयार कुणी केलं? चेहरा किती छान ठेवलाय. तालुक्याच्या क्लिनिकमध्ये नेलं होतं का?

कुसुमनं मांडवात नजर फिरवली. अगदी शेवटच्या रांगेत, खांबाशेजारी, अरुणा बसली होती. फोडांवर खपल्या धरलेल्या, एक डोळा अजून अर्धा मिटलेला.

"ती बघा," कुसुम सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ती लाल तोंडाची बाई. आमच्या गावात आमचा भरवसा फक्त तिच्यावर हाय."

तात्पर्य: तरुण चेहऱ्यानं गिऱ्हाईक दारापर्यंत येतं, पण आपली चूक उघड्या तोंडानं सांगणाऱ्या माणसावरच लोक आपला जीव सोपवतात.