डाव्या पुडीची कणीक

"बारा म्हणजे कसले बारा? चौतालाचे?"

पखवाजावरची खोळ काढता काढता विश्रामबुवांनी विचारलं.

शाल्मली म्हणाली, चौतालाच्या मात्रा नाहीत, टक्के. अंगात चरबी किती, त्याचा आकडा. बायकांची सहसा पंचविसाच्या आसपास असते. तिची बारा होती, आणि गेले आठ महिने तिनं ती बारावरच ठेवली होती.

"ठेवलीस..." बुवा म्हणाले. "आणि मोजतेस कशी?"

तिनं पिशवीतून चिमटा काढून दाखवला. दंडाच्या मागे, कमरेवर आणि मांडीवर कातडी चिमटीत धरायची, चिमटा लावायचा, मिलिमीटर वाचायचे आणि मोबाइलमध्ये भरायचे. रोज पहाटे, पाणीसुद्धा पिण्याआधी. काल अकरा पूर्णांक आठ आले होते.

बुवांनी चिमटा घेतला आणि स्वतःच्या पोटाला लावून बघितला.

"हा मिटेना."

"बुवा, तेवढा तो उघडतच नाही."

बुवा हसले. मीही हसले, पण जरा उशिरा. माझं लक्ष नव्हतं.

नदीकाठच्या त्या मठात आम्ही दोघी दर शनिवारी पखवाज शिकायला जायचो. तिचा हात तयार होता. माझा कच्चा, म्हणून बुवा मला खांबापाशी बसवून हातावर ताल धरायला लावायचे. आरतीनंतरचा शिरा शाल्मली दोन्ही हातांनी घ्यायची, कपाळाला लावायची आणि बुवांची पाठ वळली की माझ्या हातावर ठेवायची. गेल्या दीड वर्षांत तिच्या वाटणीचं तूप मी खाल्लं.

तिची पाळी पाच महिने आली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासून सांगितलं होतं की आकडा वर जाऊ दे, निदान चार किलो वाढव, नाहीतर ऐन पंचविशीत हाडं ठिसूळ व्हायला लागतील. हे तिनं मला त्या शनिवारी येताना घाटाच्या पायरीवर सांगितलं, आणि कुणाला बोलू नकोस म्हणाली. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

बुवांना तिनं अर्धंच सांगितलं. डॉक्टरीणबाई वजन वाढवायला सांगतात, मला पटत नाही, तुम्ही सांगाल तसं करीन.

बुवा काय सांगणार, ते तिनं गृहीतच धरलं होतं. शरीराचे लाड करू नका, हे बुवांचंच वाक्य. तिनं ते कागदावर लिहून फ्रिजच्या दाराला चिकटवलं होतं.

"तुमचंच ऐकून सुरू केलं, बुवा. जादाचं काही अंगावर नको."

बुवांनी खोळ घडी करून बाजूला ठेवली.

"पखवाज घे," ते म्हणाले.

पखवाजाच्या डाव्या पुडीवर, म्हणजे डाव्या तोंडाच्या कातड्यावर, वाजवण्याआधी भिजवलेल्या कणकेचा गोळा थापतात, आणि वाजवून झालं की खरवडून काढतात. ती किती लावायची, हे शाल्मलीनं दोन वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. बुवा म्हणाले होते, लाव आणि ऐक. पुढच्या शनिवारी ती स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन आली. तेव्हापासून दर वेळी सत्तर ग्रॅम. पावसाळा असो की उन्हाळा, सत्तर. आवाज बिघडला की ती हवेला नावं ठेवायची.

त्या दिवशीही तिनं काटा काढला आणि कणकेच्या परातीकडे हात नेला.

"आज कणीक नको," बुवा म्हणाले. "तशीच वाजव."

"कणकेशिवाय?"

"जादाचीच ना ती. लाकूड नाही, कातडं नाही. वरून लावलेली."

शाल्मलीनं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

ती वाजवायला लागली. तोंडानं धा म्हणत होती. उजवा हात नेहमीसारखा गोड पडत होता. डावा पडला की मात्र रिकाम्या डब्यासारखा टण आवाज यायचा. पहिल्या टणला मी इतकी दचकले की माझा ताल सुटला.

बारा मात्रा झाल्या. परत बारा. बुवांनी थांब म्हटलं नाही.

ती जोर लावत गेली. दंडाची एकेक दोरी दिसत होती. तिचा तळहात लाल झाला. दोन्ही हातांनी धा म्हणून मारलेला प्रत्येक बोल नुसता उजव्या हाताचा ता होऊन बाहेर पडत होता.

कितव्या आवर्तनाला कोण जाणे, तिचं तिनंच थांबवलं.

"धा निघत नाही."

"हात चुकतोय?"

"हात बरोबर आहे."

"पखवाज हलका झालाय की पण," बुवा म्हणाले. "वाद्या बघ कशा ताणून बसल्यात. दिसायला देखणा आहे."

"दिसतोय, बुवा... पण बोलत नाही."

तिनं हात मांडीवर ठेवले. नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

बुवांनी परात तिच्यापुढे सरकवली. तिचा हात सवयीनं काट्याकडे गेला. पण बुवांनी काटा उचलला, आसनावर ठेवला आणि त्यावर बसले. काटा एकदा पीं करून बंद पडला. मी पुन्हा दचकले.

"त्यालाही झेपलं नाही," बुवा म्हणाले. "लाव तू."

तिनं सुपारीएवढी कणीक तोडली, पुडीच्या मधोमध थापली आणि वाजवून बघितलं. टणपणा थोडा कमी झाला. आणखी थोडी लावली. वाजवलं. पाण्याचा हात फिरवला. वाजवलं. आता ती पुडीवर कान जवळजवळ टेकवूनच बसली होती. कपाळावर आठी होती. चिमटा वाचताना असते तीच, पण डोळे मिटलेले.

आणखी थोडी.

मग धा आला.

मी खांबाला पाठ लावून बसले होते. तो खांब हलल्यासारखा वाटला. पाठीतून, पोटातून काहीतरी घुमत गेलं आणि बराच वेळ विरलं नाही.

शाल्मलीनं हात पुडीवर तसाच ठेवला.

"किती लागली?" बुवांनी विचारलं.

तिनं त्यांच्या मांडीखालच्या काट्याकडे बघितलं. मग पुडीकडे.

"माहीत नाही," ती म्हणाली.

दोन वर्षांत हे दोन शब्द मी तिच्या तोंडून ऐकले नव्हते. एवढ्याशा कणकेचं वजन माहीत नाही म्हणून कुणी रडवेलं होतं का, असं दुसऱ्या कुणाला वाटलं असतं. मला नाही वाटलं.

"बुवा, मी तुम्हाला सगळं सांगितलं नाही..." ती म्हणाली.

"डॉक्टरला सांगितलंस?"

"त्यांना सगळं माहीत आहे."

"मग झालं. त्या शिकलेल्या बाई आहेत. मी पखवाज वाजवतो."

"पण तुम्हीच म्हणता ना, शरीराचे लाड करू नका."

बुवांनी पंच्यानं हात पुसले.

"आठ महिने दिवसाकाठी किती वेळा बघतेस त्याच्याकडे?"

पहाटे चिमटा, मग आरसा, दुपारी जिममध्ये पुन्हा आरसा, झोपताना मोबाइल. मला पाठ होतं.

"एवढे लाड तर मी या पखवाजाचेही केले नाहीत," बुवा म्हणाले.

...

परातीत कणीक उरली होती. बुवांनी ती बोटानं दाबून बघितली.

"जरा सैल आहे. कोरडं पीठ लावून लाट. दोन पोळ्या होतील. एक माझी."

दुसरी कुणाची, ते त्यांनी सांगितलं नाही. तीही विचारायला थांबली नाही, परात घेऊन आत गेली.

बुवा डाव्या पुडीवरची कणीक सावकाश खरवडायला लागले. मी हातावरचा ताल केव्हाच सोडला होता. आत लाटण्याचा आवाज आला, मग गॅस पेटल्याचा. पोळी भाजल्याचा वास बाहेर आला. मग बराच वेळ काहीच नाही... माझ्या मनात नाही नाही ते येऊन गेलं. मागच्या दारानं निघून तर गेली नसेल?

"बुवा..." आतून तिचा आवाज आला. "माझ्या पोळीला तूप किती?"

बुवांनी मान वर केली नाही.

"लाव आणि ऐक."