जीपची सावली

"ती पळून का नाही गेली, बाबा?"

मुतुआनं लेमायानबाबांना विचारलं.

केनियातल्या त्या अभयारण्याच्या हद्दीबाहेर, खुरट्या बाभळीखाली चित्त्याची मादी मरून पडली होती. कुशीत भाल्याच्या दोन जखमा. शेळ्या राखणाऱ्यांनी सांगितलं होतं, आम्ही ओरडत गेलो, तरी ती बसूनच राहिली. आमच्याकडे बघत.

मुतुआ शहरात शिकून आलेला. तीन वर्षं तो तिच्या मागावर होता. तिची झोप, शिकार, पिल्लं, सगळं त्याच्या वहीत होतं. पहिल्या वर्षी ती त्याला बघून पळायची. दुसऱ्या वर्षी थांबायला लागली. यंदा तर भर उन्हात त्याच्या जीपच्या सावलीत येऊन आडवी व्हायची. पाहुणे आले की तो हे मोठ्या कौतुकानं दाखवायचा.

लेमायानबाबांचा सारा जन्म जनावरांचा माग काढण्यात गेला होता. पण ती दिसली की ते दगड उचलून मारायचे. मुतुआ एकदा चिडून म्हणाला होता, एवढी वर्षं रानात काढलीत, पण माया करायला काही शिकला नाहीत. बाबांनी नुसता पुढचा दगड उचलला होता.

"मी तिला कधी त्रास दिला नाही," मुतुआ म्हणाला.

"नाही दिलास."

"मग..."

गवत हललं. तिचं उरलेलं एकच पिल्लू बाहेर आलं. वर्षाचं होत आलेलं, नुकतंच शिकारीला लागलेलं. ते थबकलं नाही. सरळ जीपच्या सावलीत शिरलं आणि मुतुआच्या बुटांशी अंग टाकून बसलं.

बाबा वाकले. त्यांनी दगड उचलला.

मुतुआनं डोळे मिटून घेतले... पण दगड सुटला नाही. बाबांनी तो मुतुआच्याच तळहातावर ठेवला. उन्हानं तापलेला.



मग मुतुआनं दगड मारला. पिल्लाच्या शेजारी धूळ उडाली. ते दचकून चार पावलं मागे सरलं, धूळ बसेपर्यंत थांबलं, आणि पुन्हा त्याच्या पायाशी आलं.

"माझ्यानं होत नाही, बाबा. तुम्ही मारा."

"माझे दगड त्याच्या आईनंही खाल्ले होते. तरी माणसाला भ्यायला शिकली नाही."

बाबांनी दुसरा दगड त्याच्या हातात दिला.

"तूच मार. जोरात... त्याचा तुझ्यावर जीव आहे."