तांबखडीच्या सुना साचा निवडतात

तांबखडीत नवी सून वेशीतून आत आली की तिला थेट घरी नेत नाहीत. भैरोबाच्या देवळापुढे एक भलेमोठे सूप मांडलेले असते आणि त्यात बंदुकीच्या गोळ्या ओतायचे जुने साचे ठेवलेले असतात. काही पितळी, काही लोखंडी, बरेचसे मऊ दगडाचे. दोन फाळ्या एकमेकींवर ठेवल्या की मध्ये बोराएवढी गोल पोकळी राहते. सून त्यातला एक साचा उचलते. तो ज्या घराचा निघेल ते घर तिचे गावातले माहेर. सासरी कुणी वाकडे बोलले की तिने सरळ तिथे निघून जावे. कुणी अडवायचे नाही. अट एकच, सासरचा साचा निवडता येत नाही.

मित्राच्या लग्नाला आलेली शहरातली मुले हे पहिल्यांदाच पाहत होती. त्यांच्यातल्या एकीने केरबा गुरवांना विचारले, "बाबा, लग्नात बंदुकीचं काय काम?"

"बंदुकीचं काही नाही. सासऱ्याचं काम आहे," केरबा म्हणाले आणि पारावर ऐसपैस बसले.

पेंढाऱ्यांच्या धामधुमीचा तो काळ होता, असे सांगतात. सुगी संपली की ते खिंडीतून उतरायचे आणि धान्याच्या कणग्या रिकाम्या करून जायचे. गावात बंदुका नव्हत्या असे नाही. घरोघरी एक होती, पण एकीची नळी दुसरीसारखी नव्हती. ज्याची बंदूक त्याचा साचा. बायका चुलीवर शिसे वितळवून आपापल्या घरच्या गोळ्या ओतायच्या. ऐन वेळी एकाच्या गोळ्या संपल्या की शेजाऱ्याच्या त्याच्या नळीत बसत नसत. बंदुका चारदोनदा कडाडायच्या आणि गप्प व्हायच्या. पेंढाऱ्यांना हे पाठ झाले होते. ते खिंडीत निवांत थांबत आणि गाव गप्प झाले की खाली येत.

शेवटी गावाला शहाणपण सुचले. सगळ्यांनी मिळून एकाच कारागिराकडून एकाच मापाच्या बंदुका घडवून आणल्या. आता गोळीही एकाच मापाची हवी होती, म्हणजे साचा एकच निवडायला हवा. आणि इथेच गाव अडले. ज्याला विचारावे तो म्हणे, माझाच. शिसे बाजूला राहिले, माणसेच तापली. पेंढारी दोन मजलांवर आल्याची खबर आली तरी हे भांडतच होते!

तेव्हा देवळाचा पुजारी म्हणाला, "ज्याला कुणाचा साचा कोणता ते ठाऊक नाही, त्याने निवडावा." असे माणूस गावात एकच होते: हैबतराव पाटलांची नवी सून धुरपा. तिच्या हातची हळद अजून उतरली नव्हती.

पाटील चटकन कबूल झाले. कसे होणार नाहीत? त्यांचा साचा पितळी, वेलबुट्टीचा, शिसवी मुठींचा, गावात सर्वांत थोरला. घरून निघताना सासूने धुरपाच्या कानात सांगितले, "पिवळा. चकाकतो तो. ध्यानात ठेव."

धुरपाने ते ध्यानात ठेवले. ती सुपापुढे बसली आणि पिवळा साचा तिने सर्वांत आधी ओळखला. सारे गाव बघत होते. तो उचलला असता तर संध्याकाळी तिच्या पानात तूप पडले असते.

पण तिचे माहेर डोंगरातल्या चौकीवरचे. भाऊ रानडुकरांवर बंदुका झाडायचे आणि गोळ्या ओतायचे काम हिच्याकडे होते. तिने पाटलांच्या साच्यातली एक ओतीव गोळी घेऊन नव्या बंदुकीच्या तोंडाशी धरली. ती बुचासारखी घट्ट बसली. जमलेले पुरुष माना डोलवू लागले.

"मोकळ्या नळीत पहिली गोळी कुणाचीबी जाईल," धुरपा हळूच म्हणाली. "नळीत काजळी धरल्यावर दहावी कशी जाते ते कुणी बघितलंय का?"

कुणी बघितलेच नव्हते. साचा निवडताना पारखायचा तो एका बारात, स्वच्छ नळीत, चारचौघांसमोर. आणि वाहवा मिळवून घरी जायचे, ही तांबखडीची रीत. लढाईत बंदूक गप्प झाली की मग नशिबाला बोल लावायचा.

धुरपाने सुपाच्या कडेला पडलेला एक साचा उचलला. मऊ दगडाचा, सुतळीने बांधलेला, सर्वांत लहान मापाचा. "ह्यातली गोळी नळीत सैल बसंल, पण चिंधीत गुंडाळून भरली तर हलायची नाही. काजळी धरली तर चिंधी पातळ घ्यायची. आणि हा दगड हाय. ह्याच्यासारखे आणखी कोरून घरोघरी देता येतील."

"कुणाचा गं तो?" मागून कुणीतरी विचारले.

तो होता ठकूबाईचा. आता ही ठकूबाई म्हणजे पाटलांच्या समोरच्या दारातली म्हातारी. मूल नाही, बाळ नाही, जिभेला हाड नाही. कुंपणाच्या एका बाभळीवरून दोन्ही घरांचे बोलणे बंद होते. म्हणजे पाटलांचे बंद होते. ठकूबाईचे कधीच बंद नव्हते.

पाटलांचा चेहरा उतरला. "बार काढा," ते गरजले. "दोन्ही गोळ्यांचे. होऊ द्या निवाडा!"

दोन बंदुका आणल्या. एकीत पाटलांची गोळी, दुसरीत चिंधीत गुंडाळलेली ठकूबाईची. पहिले बार दोन्हींचे झकास निघाले. मग पाटलांची गोळी आत ढकलायला जोर लागू लागला. मग दोघे लागले. मग ती नळीत अर्ध्यावर जी अडकली ती ना पुढे ना मागे. ठकूबाईची बंदूक मात्र शेजारी बोलतच होती.

"अरे हैबती," ठकूबाई ओरडली, "तुझ्या बंदुकीला अजीर्ण झालंय! ओवा दे तिला!"

गाव खदखदून हसले. इथे पाटलांनी हसून घ्यायचे होते. सुनेचे चुकले असते तर त्यांनी कदाचित माफही केले असते, नवी आहे म्हणून. तिचे खरे निघाले, आणि तेही ठकूबाईच्या बाजूने! हे त्यांना पचले नाही.

"ज्याचा साचा उचललास, त्याच्याच घरी राहा," ते म्हणाले आणि तरातरा निघून गेले. मागोमाग सासू गेली. नवरा रायाजी दोन पावले धुरपाकडे आला, दोन पावले बापाकडे गेला आणि शेवटी बापाच्या मागे गेला.

धुरपा हातात साचा घेऊन उभी राहिली. खऱ्या माहेराची वाट खिंडीतून जायची आणि खिंडीत पेंढारी येऊन ठेपणार होते. सासरचे दार लागले होते. डोळे भरून आले. पण चारचौघांत रडायचे नाही म्हणून ती साच्याची सुतळी सोडत आणि बांधत बसली.

"सुतळी तुटंल माझी," ठकूबाई जवळ येऊन म्हणाली. "चल, लेकी. शिसं तापत ठेवलंय."

त्या दिवसापासून सगळे गाव ठकूबाईच्या अंगणात. कुणी दगड कोरतोय, कुणी शिसे वितळवतोय, पोरी जुन्या लुगड्यांच्या चिंध्या फाडतायत. सासूही आली, एक फाटके पातळ देऊन काही न बोलता गेली. ते फारसे फाटलेले नव्हते म्हणे.

पेंढारी आले. खिंडीच्या तोंडाशी त्यांनी घोडी थोपवली आणि नेहमीप्रमाणे बंदुका गप्प व्हायची वाट बघत बसले. बंदुका गप्प होईनात. याच्या गोळ्या संपल्या की तो शेजाऱ्याच्या घेई. रायाजीने भरलेली प्रत्येक गोळी बायकोच्या हातची होती आणि हे तो बाजूच्या प्रत्येकाला सांगत होता. उन्हे कलली तरी खिंड दणाणतच होती. शेवटी पेंढाऱ्यांचा म्होरक्या म्हणाला म्हणे, "या गावात शिशाची खाण लागलीय." आणि त्यांनी घोडी वळवली. त्या वर्षी तांबखडीची एकही कणगी उघडली गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हैबतराव रस्ता ओलांडून ठकूबाईच्या दारात आले. पागोटे हातात होते.

"सूनबाईला पाठवा."

"पाठवा?" ठकूबाई म्हणाली. "लेक माहेरी आलीय माझी. लेकीला न्यायची काही रीत असते का नाही? गाडी कुठाय? लुगडं कुठाय? गोडाची पाटी कुठाय?"

"अगं, समोर तर घर माझं!"

"मग लेकीला काय पायी धाडू? लोक काय म्हणतील?"

पाटील परत गेले. गाडी जुंपली, बैलांना झुली घातल्या, लुगडे आणले, पाटी भरली. धुरपा ठकूबाईच्या पाया पडून गाडीत बसली. पण मधला रस्ता असा अरुंद की बैलांची तोंडे पाटलांच्या दारात पोचली तरी गाडीची चाके ठकूबाईच्याच उंबऱ्याशी! सगळे गाव बघायला लोटले.

"उतर, पोरी. आलं घर," पाटील म्हणाले.

धुरपाने डोक्यावरचा पदर सारखा केला. "इतक्यात, मामंजी? ज्या गावानं मला हाकलताना बघितलं, त्यानं आणतानाही बघावं की."

पाटलांनी गडीमाणसाच्या हातून कासरा घेतला, बैल वळवले आणि स्वतः पुढे चालू लागले. वेशीवरून, देवळावरून, पाणवठ्यावरून. वाटेत कुणीतरी विचारले, "पाटील, किती फेऱ्या?"

"ती सांगंल तितक्या," पाटील म्हणाले. आणि पहिल्यांदाच हसले म्हणे.

आजही तांबखडीत सून रुसून साच्याच्या माहेरी गेली की सासऱ्याला गाडी जुंपून न्यायला जावे लागते. घर चार पावलांवर असले तरी. सासऱ्याने गाडीत बसायचे नाही, कासरा धरून चालायचे, आणि सून 'पुरे' म्हणेपर्यंत गाडी थांबवायची नाही. गेल्या वर्षी खालच्या आळीचा एक सासरा सकाळी निघाला होता. दुपारची जेवणे झाली, बैल दमले म्हणून गावाने दुसरी जोडी आणून दिली. पण सासऱ्याला बदली माणूस द्यायची रीत नाही.